ड्रेसिंगनंतर उरलेली सलाईनची बाटली घरात वापरता येते का? आणि अशक्तपणाला सलाईन लावावं का?

धायरीची सून

नमस्कार. सासऱ्यांच्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासून जखम झाली आहे. डायबेटिस जुना, म्हणून डॉक्टरांनी दिवसाआड ड्रेसिंग सांगितलंय आणि एक सिस्टर घरी येऊन ते करून जातात. त्यांनी मेडिकलमधून अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली आणायला लावली. ड्रेसिंगला त्यातलं वाटीभरच लागतं, बाकीचं तसंच राहतं. बाटलीच्या तोंडाशी सुईने भोक पाडलेलं आहे, त्यावर कापसाचा बोळा ठेवून ती आता फ्रिजच्या दारात उभी आहे.

लेबलवर ‘सोडियम क्लोराईड 0.9 टक्के’ लिहिलंय. म्हणजे मीठ-पाणीच ना? मग धाकट्याचं नाक चोंदलं की त्यातले दोन थेंब घालता येतील का? माझ्या कॉन्टॅक्ट लेन्स धुवायला चालेल का? आणि घरी पाण्यात मीठ उकळून हेच बनत असेल तर बाटली विकत कशाला आणायची?

दुसरा प्रश्न खुद्द सासऱ्यांचा. ऊन लागलं, जागरण झालं, जेवण गेलं नाही, की “मला एक सलाईन लावून आणा, तरतरी येईल” असा आग्रह धरतात. गावाकडे त्यांना तशी सवय लागलेली आहे. आमचे इथले डॉक्टर नाही म्हणतात, आणि त्यावरून घरात बोलाचाली होते. त्यांना बीपीची गोळीही चालू आहे. कोणी नीट समजावून सांगेल का? मी त्यांना हे सगळं वाचून दाखवणार आहे.

केमिस्ट, कोथरूड

ताई, फ्रिजमधली बाटली आधी सिंकमध्ये ओतून द्या. बाटलीवर छापलेली एक्स्पायरी ही सीलबंद बाटलीची असते. एकदा भोक पडलं की ती तारीख संपली असं समजायचं. या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून काहीही घातलेलं नसतं, कारण ते थेट शिरेत जायचं असतं. कापसाच्या बोळ्याने जंतू अडत नाहीत, आणि फ्रिजमध्ये ते मरतही नाहीत.

ड्रेसिंगसाठी 100 मिलीची छोटी बाटली मिळते. दरवेळी नवी फोडायची, उरेल ते टाकायचं. दुकानदाराकडे मागून घ्या, बरेच जण समोर असते ती अर्ध्या लिटरचीच काढून देतात. नाकासाठी वेगळे थेंब येतात, ते बहुतेक 0.65 टक्क्यांचे असतात. लेन्सला यातलं काहीच नको, लेन्सचं सोल्युशन वेगळं.

आणखी एक. प्लास्टिकच्या छोट्या अॅम्प्यूलमध्ये ‘स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन’ मिळतं. पावडरचं इंजेक्शन विरघळवायला ते वापरतात. दिसायला सलाईनच्या अॅम्प्यूलसारखंच, पण त्यात मिठाचा कण नसतो. घरी कोणी नर्स येत असेल तर आणून दिलेल्या वस्तूचं लेबल तुम्हीही एकदा वाचत जा.

निवृत्त सिस्टर

धायरीच्या ताई, तू सासऱ्यांना वाचून दाखवणार आहेस म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली, आधी सरकारी, मग खासगी. पुण्यातल्या उन्हाळ्यात ‘एक सलाईन लावा’ म्हणत येणारी माणसं मी रोज पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून वाटतं. खरोखर थकलेली असतात ती.

मीठ-पाणी आहे का? हो. एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. पण ते नऊच का, हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आत क्षार विरघळलेले असतात. बाहेर नुसतं पाणी असेल तर ते पेशीत शिरत राहतं, पेशी फुगते आणि फुटते. बाहेर मीठ जास्त झालं तर पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती सुरकुतते. 0.9 टक्क्याला ना फुगते ना सुरकुतते. वर केमिस्टदादांनी ज्या नुसत्या पाण्याच्या अॅम्प्यूलचं सांगितलं, ते जास्त प्रमाणात थेट शिरेत गेलं तर याच कारणाने घातक आहे. रक्त चढवतानाही नळीतून सोबत फक्त हेच 0.9 टक्क्याचं सलाईन चालतं. त्याच नळीतून ग्लुकोजचं पाणी दिलं तर तांबड्या पेशींची नासाडी होते, आणि रिंगर लॅक्टेट नावाच्या दुसऱ्या सलाईनमध्ये कॅल्शियम असतं, त्याने रक्ताची गुठळी होऊ शकते.

आता शिरेतून नक्की काय चढवतात ते बघ. स्टँडला टांगलेली प्रत्येक बाटली सारखी नसते. एन.एस. म्हणजे मीठ-पाणी. डी-5 म्हणजे पाच टक्के ग्लुकोज. डी.एन.एस. म्हणजे दोन्ही एकत्र. आर.एल. म्हणजे ते रिंगर लॅक्टेट, त्यात सोडियमबरोबर पोटॅशियम, कॅल्शियम आणि लॅक्टेट. सासऱ्यांना डायबेटिस आहे, त्यामुळे ‘एक सलाईन’ म्हणून कोणी डी.एन.एस. लावलं तर अर्ध्या लिटरमध्ये पंचवीस ग्रॅम साखर थेट रक्तात गेली. गावाकडे त्यांना कुठली बाटली लावत होते, हे त्यांनाही माहीत नसणार. आणि ती पिवळी बाटली, जी सगळ्यांना जास्त ताकदीची वाटते, तिच्यात बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन मिसळलेलं असतं. पिवळा रंग त्याचा. तेच व्हिटॅमिन गोळीतूनही मिळतं.

ताकदीचा हिशेब त्यांना असा सांग. एन.एस.च्या बाटलीत कॅलरी शून्य. अर्धा लिटर डी-5 मध्ये शंभराच्या आत-बाहेर, म्हणजे साधारण एका पोळीइतक्या. उलट अर्धा लिटर एन.एस.मध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांचं लोणचं-पापड आपण बीपीसाठी बंद केलंय, त्यांच्या शिरेत दोन-तीन तासांत जवळपास दिवसभराचं मीठ सोडायचं, याला अर्थ नाही. हृदय किंवा किडनी थोडी जरी कमजोर असेल तर ते पाणी फुफ्फुसात साचू शकतं. रात्री आडवं झालं की दम लागतो, पायावर सूज येते.

मग तरतरी का येते? पाणी कमी पडलेलं असेल तर खरोखरच बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. पण तेवढंच पाणी तोंडाने गेलं असतं तरी बरं वाटलं असतं. शिवाय त्या दोन तासांत माणूस पंख्याखाली स्वस्थ पडून राहतो, घरचे उशाशी बसतात, डॉक्टर दोनदा डोकावून जातात. याचाही गुण येतो, आणि तो घरीही देता येतो.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. अशक्तपणाला कारण असतं आणि सलाईन लावलं की त्याचा शोध राहून जातो. डायबेटिसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-12 कमी होतं. हिमोग्लोबिन उतरलेलं असतं, थायरॉइड असतो, साखर फार खाली किंवा फार वर गेलेली असते. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरतं. सोडियम कमी आलं की लोक लगेच म्हणतात, मीठ खा, सलाईन लावा. असं करू नकोस. काही जणांना त्यासाठी उलट पाणी कमी प्यायला सांगावं लागतं. तीन टक्क्याचं सलाईन देतात ते आयसीयूत, पुन्हा पुन्हा रक्त तपासत, हळूहळू. सोडियम घाईने वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

सलाईन कधी लागतंच, तेही सांगते. उलट्या थांबत नाहीत, पोटात घोट टिकत नाही. जुलाबाने डोळे खोल गेले, लघवी होत नाही, माणूस गुंगीत आहे. मोठा रक्तस्राव, भाजणं, ऑपरेशन. डेंग्यूमध्ये ठरावीक टप्प्यावर, मोजूनमापून. अशा वेळी एक मिनिट वाया घालवायचं नाही.

आता जखम. ड्रेसिंगला सलाईन वापरतात कारण ते झोंबत नाही आणि नवी लाल कातडी धरू लागलेली असते तिला इजा करत नाही. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून लोकांना जखम स्वच्छ झाल्यासारखी वाटते, पण रोज घातलं तर ते नव्या पेशीही मारतं. स्पिरिटही उघड्या जखमेवर नको. मुलाचा गुडघा साधा खरचटला असेल तर नळाच्या पिण्याच्या पाण्याखाली धरून साबणाने आजूबाजूचं धुतलं तरी पुरतं. सासऱ्यांचा अंगठा त्या प्रकारात बसत नाही. डायबेटिसच्या पायाला घरचं मीठ-पाणी नको, आणि पाय बादलीत बुडवून बसणं तर अजिबात नको. पायाची संवेदना कमी झालेली असते, पाणी कढत आहे हेही कळत नाही.

धायरीची सून

सिस्टर, इतकं कोणीच सांगितलं नव्हतं. खूप खूप आभार. बाटली ओतून दिली. सासऱ्यांनी ऐकलं, साडेचार ग्रॅम मिठाचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “तपासण्या करून घेऊ.” आमच्याकडे एवढंही पुष्कळ आहे.

नाकाचं राहिलं. मिस्टरांना सायनसचा त्रास आहे आणि ते जलनेती करतात. मीठ अंदाजाने घालतात, पाणी गीझरचं कोमट. ते ठीक आहे का? 2025 च्या जानेवारीत आमच्या या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडणाऱ्या त्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हापासून मला पाण्याची धास्तीच बसली आहे.

रसायनशास्त्राचा मास्तर

ताई, सलाईनच्या मोजमापाबद्दल मी वर्गात आवडीने बोलतो, म्हणून मधे लिहितो आहे.

शिरेतून मीठ-पाणी देण्याची सुरुवात कॉलऱ्यामुळे झाली. 1831-32 मध्ये ब्रिटनमध्ये साथ होती. ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टरने रोग्यांचं रक्त तपासून दाखवून दिलं की त्यातलं पाणी आणि क्षार निघून गेलेले आहेत. ते वाचून 1832 मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथला थॉमस लॅटाने क्षार विरघळवलेलं पाणी थेट शिरेत सोडलं. मरणाच्या दारातले काही रोगी उठून बसले. पण पाणी निर्जंतुक करायची पद्धत तेव्हा माहीतच नव्हती, आणि हे तंत्र मागे पडलं. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्याला आला आणि त्याने हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी उभारल्या. 0.9 हा आकडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बर्गर या डच शास्त्रज्ञाच्या तांबड्या पेशींवरच्या कामातून आला.

सासऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट मात्र 1971 ची आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मापाने मिसळून रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. आतड्यात सोडियम ग्लुकोजच्या जोडीने आत शोषलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणी जातं, म्हणून त्यात साखर असते. आजच्या ओआरएसच्या पुडीत लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. पुडी घरात ठेवा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ यापेक्षा वाढवू नका, लहान मुलांना ते धोक्याचं आहे.

निवृत्त सिस्टर

मास्तर, फार छान सांगितलंत. एक जोडते. खोक्यातली गोड पेयं ओआरएस समजून आणू नका. 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याने, अशा पेयांना ओआरएस हा शब्द वापरायची मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्यायचं.

ताई, जलनेतीबद्दल. नेती चांगली आहे, सायनसला खरंच आराम पडतो. पण पाणी नळाचं नको, गीझरचं तर नकोच. गीझरमधलं पाणी उकळलेलं नसतं, आणि कोमट साठलेलं पाणी अमिबासारख्या काही जिवांना मानवतं. पोटात गेलं तर जठरातलं आम्ल त्यांचा निकाल लावतं, नाकात तसलं काही नाही. 2011 मध्ये अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणारी दोन माणसं मेंदूत अमिबा जाऊन दगावली. असं फार क्वचित होतं, पण पाणी उकळून घेतलं की तेवढाही धोका उरत नाही. जीबीएसच्या वेळी काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले होते, तेही उकळण्याने मरतात. तेव्हा पाणी खळखळ उकळायला लागल्यावर तीन ते पाच मिनिटं गॅसवर ठेवायचं, झाकून गार करायचं. अर्ध्या लिटरला पाऊण सपाट चहाचा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम. झोंबत असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं, म्हणून मापाचा चमचा भांड्यातच ठेवून द्यायला सांग. चोवीस तासांत वापरायचं, नेतीपात्र धुऊन उपडं वाळवायचं. धाकट्यासाठी मात्र मेडिकलमधलेच थेंब. त्यांची बाटली त्याची एकट्याची, मोठ्या भावंडाच्या नाकाला लावायची नाही.

आणि लेन्स. सलाईनने लेन्स नुसती विसळली जाते, जंतू मरत नाहीत. रात्रभर सलाईनमध्ये ठेवलेली लेन्स डोळ्यात घातली तर बुबुळाला अल्सर होऊ शकतो. नळाचं पाणी तर लेन्सच्या डबीलाही लावू नकोस. या बाबतीत पैसे वाचवू नकोस गं, डोळा आहे तो.

धायरीची सून

सगळं लिहून घेतलं. आता मिस्टरांचं पातेलं वेगळं काढते. एकच राहिलं, ड्रेसिंगच्या बाटल्या आणि सुया आम्ही सुक्या कचऱ्यात टाकत होतो. ते बरोबर नाही ना?

निवृत्त सिस्टर

सुई अजिबात नाही. आपल्याकडे ‘स्वच्छ’च्या, म्हणजे घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या संस्थेच्या, बायका सुका कचरा हाताने निवडतात. सुई बोटात गेली तर त्या बाईला कावीळ बी, एचआयव्ही सगळ्याच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि तिची रोजी बुडते ती वेगळीच. बाटलीला भोक पाडायची सुई, सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या असतील तर त्याही, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात जमा कर. टोपण परत लावायला जाऊ नकोस, बहुतेकांना तेव्हाच टोचतं. डबा भरत आला की ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरांच्या हाती दे, दवाखान्यात त्याची वेगळी व्यवस्था असते. जखमेचं बँडेज आणि कापूस कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळं द्यायचं. रिकामी बाटली ओतून, लेबल फाडून सुक्यात चालेल, तिला रक्त-पू लागलेलं नसेल तर.